पाचवी रात्र, ग्रिम्सबी

बहिणीला फोनवर सांगितलं, मी डूला झालेय.
ती म्हणाली, डुला? कुणाला डुलवतेस या वयात?
म्हटलं, हो, जवळजवळ तेच.

सुईण नव्हे मी. नाळ, टाके, मॉनिटरवरची हिरवी रेघ
ज्यांची त्यांनी बघावी.
माझ्या पिशवीत रबरी शेकपिशवी, तिळाचं तेल,
वाकणाऱ्या स्ट्रॉ,
आणि लोकरी मोजे, कारण वेणांमध्ये पाय गार पडतात
हे कुणी कुणाला सांगून ठेवत नाही.

लिअ‍ॅनचा कॅलम त्या रात्री समुद्रावर,
पवनचक्क्यांच्या बोटीत. वारा पडल्याशिवाय बोट फिरणार नव्हती,
आणि वारा तर या गावाच्या पाचवीलाच पुजलेला.
तिची आई स्पेनला. दोघी बोलत नाहीत.
का, ते मी विचारलं नाही.
मग आम्हीच डुललो कॉरिडॉरमध्ये,
ती जवळजवळ सहा फूट, मी पाचाला दोन बोटं कमी,
तिचे हात माझ्या गळ्यात, तिचं सगळं ओझं माझ्या गुडघ्यांवर.
दर कळेला ती एक शिवी द्यायची, तीच ती,
मी म्हणायची, हं.
चौदा तास, नुसतं हं.
आमच्यात दुखतं तीही कळ
आणि समजतं तेही कळतंच,
हे तिला सांगावंसं वाटलं होतं. राहून गेलं.

मग मुलगी. आधी निळसर, मग लाल, मग चिडलेली.

आज पाचवा दिवस.
दूध दगड होऊन उतरलंय,
लिअ‍ॅन सकाळपासून टोस्टकडे बघून रडतेय.
म्हटलं, पाचव्या दिवशी सगळ्याच रडतात.
खरं आहे ते. नसतं, तरी सांगितलंच असतं.
कोबीची पानं फ्रिजमध्ये गार केली, छातीवर ठेवायला.
भांडी घासली. आळिवाची खीर केली.
बेडकाची अंडी, म्हणाली,
आणि दोन वाट्या संपवल्या.
कॅलम मुलीला धरतो हत्यारांची पेटी धरावी तसा.
मी शिकवलं नाही काही,
फक्त त्याच्या कोपराखाली एक उशी सरकवली.

आता दोघं झोपलेत. मी जागी.
आमच्याकडे आज जागायचं असतं.
सटवाई येते, कपाळावर लिहून जाते,
तिच्यासाठी पाटावर कोरा कागद, दौत, टाक.
इथे पाट नाही.
फ्रिजवर नर्सबाईने चिकटवलेला तक्ता आहे:
वेळ, डावं की उजवं, ओलं की कोरडं, शेरा.
सुतळीला टांगलेली पेन्सिल.
बाई, चालवून घे.
गोदीच्या वासावरून घर सापडेल तुला,
दाराला कडी लावलेली नाही.

माझ्या पाचवीला मी एकटीच होते, याच गावात,
तिसऱ्या गल्लीत. नवरा मासळीच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
जागायचं ठरवून बसले होते. डोळा लागला,
आठवडाभरात पहिल्यांदा, मेल्यासारखा.
त्या रात्री कोण आलं, काय लिहिलं,
मला बघता आलं नाही.
पुढे जे झालं ते झालं.
तेव्हापासून दुसऱ्यांच्या पाचव्या जागते.
तासाचे पैसे घेते, पावती देते.

तीन चाळीसला मुलगी चुळबुळली,
मूठ तोंडात घालायला गेली, चुकून कानात घातली.
लिअ‍ॅनला हाक मारली नाही,
तळपायावर हात ठेवला फक्त. तिने डोळे न उघडता
कूस बदलली आणि जागा केली.

मी तक्त्यात लिहिलं:
३.४०. डावं. बावीस मिनिटं. ओलं.
शेऱ्याचा रकाना कोरा सोडला,
आणि स्वयंपाकघरातल्या सुरीने
पेन्सिलीला टोक काढून ठेवलं.